तीर्थाच्या चिखलातला चाफा

या, मित्रांनो, या. असे लांब उभे राहू नका, जरा जवळ सरका. मांडी घालून बसा आणि मोबाईल पालथा ठेवा. आज तुम्हाला एक आख्यान ऐकवतो. त्यात देव आहे, भक्ती आहे, दोन मैत्रिणींचं भांडण आहे आणि घाण आहे. खरं सांगायचं तर घाणच जास्त आहे. पण शेवटपर्यंत बसाल तर रिकाम्या हातानं उठणार नाही, एवढं वचन देतो.

मी एक जुना चाफा आहे. पांढरा, पोटाशी पिवळा. घाटकोपरला एका सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर, खिडकीच्या ग्रिलमध्ये माझं घर आहे. माझ्या बोलण्याला कीर्तनाची ढब आहे असं तुम्हाला वाटेल. वाटणारच. माझ्या खिडकीच्या आत देवघर आहे आणि तिथे रोज सकाळी मोबाईलवर कीर्तन लागतं. झांजा, पेटी, बुवांचा खर्जातला आवाज, हे ऐकतच मी वाढलो. मला कान नाहीत हे मला माहीत आहे. तरी ऐकलं.

मला या घरात आणलं मधुकररावांनी. त्यांनी उभी हयात कापडाच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले. गिरणी बंद पडल्यावर एकदा गावी गेले, तेव्हा देवळामागच्या चाफ्याची एक फांदी तोडून पिशवीत घातली. त्याच पिशवीत सुके बांगडे होते. सिंधुदुर्गापासून घाटकोपरपर्यंत मी त्या बांगड्यांच्या कुशीत आलो! माझा जन्मच असा नाक मुरडत झाला. तेव्हा वाटलं होतं, याहून घाण वास जगात नसेल. किती भोळा होतो मी.

रंगाचा एक रिकामा डबा मिळाला. तापल्या खिळ्यानं बुडाला एक भोक पाडलं, लाल माती भरली आणि मला उभं केलं. मधुकररावांच्या बायकोनं, विमलाताईंनी, माझ्या बुंध्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "राहा रे बाबा आता आमच्यात."

राहिलो. आमची जात कमी खाणारी, मित्रांनो. आम्हाला ऊन पोटभर लागतं, पाणी मात्र बेताचं. माती सुकली की मगच घोटभर द्यावं. थंडीत आम्ही पानं गाळतो आणि उघडेबोडके झोपी जातो. तेव्हा तर आम्हाला विसरूनच जावं. उन्हाळा लागला की आमचे आम्ही उठतो. सुरुवातीची बरीच वर्षं विमलाताईंनी हे सगळं नीट सांभाळलं. चैत्र लागला की माझ्या टोकांना गुच्छ यायचे. विमलाताई पहाटे एक फूल खुडायच्या, नाकाशी धरायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "अहाहा!" मग ते देवाला वाहायच्या. आधी वास घेतलेलं फूल देवाला कसं चालतं, असं मधुकररावांनी एकदा विचारलं होतं. त्यावर उत्तर मिळालं, "चांगलं आहे की नाही हे बघून द्यायला नको?"

आमच्या खाली तिसऱ्या मजल्यावर माणिकताई राहतात. विमलाताईंची जुनी मैत्रीण. दोघी मागच्या राममंदिरात कीर्तनाला शेजारी शेजारी बसायच्या. माणिकताईंचं तोंड मोठं. सोसायटीत सगळे म्हणायचे, तिच्या वाटेला जाऊ नका. सकाळी त्यांची हाक यायची, "विमल, दोन फुलं सोड गं खाली, माझा देव ताटकळलाय." आणि विमलाताई ग्रिलमधून फुलं खाली सोडायच्या.

असे सुखाचे दिवस चालले होते. मग कोरोना आला.

विमलाताई त्यात फार आजारी पडल्या. घरी परत आल्या तेव्हा हातापायाच्या काड्या झाल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी देवापुढे नवस बोलला, की वाचवलंस ना, आता रोज तुला पंचामृताचं स्नान घालीन. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या आणि एक फूल खुडलं. ते आदल्या दिवशीचं होतं, कडेनं तपकिरी पडलेलं, देठाशी सडलेलं. त्यांनी ते नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अहाहा!"

मित्रांनो, माझ्या अंगावर शहारा आला. त्यांना वास येईनासा झाला होता. आणि त्या सोंग करत होत्या.

का करत होत्या, तेही मला कळलं. घरात कुणी नसताना त्या देवाशी बोलायच्या. एकदा म्हणाल्या, "देवा, सगळं घे पण नाक परत दे रे. तुझा नैवेद्य मी चाखू शकत नाही. सारण झालं, खीर झाली, तूप कढलं, सगळं वासावरच ओळखायची. आता हे कुणाला कळलं तर रुचिरा प्रेमानं म्हणेल, आई, तुम्ही बसा, मी करते. मग मी काय करू? नुसती बसू?" रुचिरा त्यांची सून, गुणाची पोर. ती खरंच प्रेमानं म्हणाली असती. त्याचीच विमलाताईंना भीती होती.

तर गुपित माझ्याजवळ राहिलं. आणि त्याच्या पाठोपाठ आलं पंचामृत.

दूध, दही, तूप, मध, साखर. देवाला रोज वाटीभर. त्यातलं पळीभर तीर्थ म्हणून बाजूला ठेवायचं आणि बाकीचं? "देवाच्या अंगावरून उतरलेलं मोरीत सोडायचं? पाप लागेल," विमलाताई म्हणाल्या. तुळशीत घालावं, तर तुळशीला मुंग्या लागतील. मग उरला कोण? मी. थोरला, सोशीक, दांडगा चाफा. "घे रे बाळा, प्रसाद आहे," असं म्हणून वाटी माझ्या डब्यात रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. वर निर्माल्य. झेंडूच्या माळा, ओल्या दूर्वा, कुंकवाचा लगदा, भिजलेल्या अक्षता. एकदा तर अर्धं केळं!

आता मी जे सांगणार आहे, ते जेवणाआधी कुणाला सांगू नका.

दुधावर साय धरली. सायीखाली दही आंबलं. तूप थिजून बुडाच्या भोकात बसलं आणि भोक बंद झालं. मग जे वर पडेल ते आतच राहू लागलं. माझी मुळं त्या आंबट, तेलकट, गोड राड्यात बुडाली. मधाला मुंग्या आल्या. मुंग्यांनी तोंडात धरून पिठ्या ढेकूण आणले आणि माझ्या पानांच्या बगलेत बसवले. ते पांढरे, लिबलिबीत, कापसासारखे किडे. त्यांना चिरडलं तर गुलाबी पाणी निघतं. झेंडू कुजून काळा झाला. वर चिलटांचा ढग उठला. आणि खाली, मित्रांनो, अळ्या पडल्या. रात्रंदिवस माझ्या मुळांशी काहीतरी वळवळायचं. मला ओकारी यायची, पण झाडाला ओकता येत नाही. झाडाला पळताही येत नाही. जे अंगावर घालतील ते पोटात घ्यायचं.

मला सर्वांत जास्त शिसारी कशाची आली ते सांगू? त्या घाणीतून कधीकधी कापराचा वास यायचा. म्हणजे देवाची आठवण यायची, आणि त्याच वेळी गटाराचीही. हे दोन वास एकत्र यावेत याहून मोठी विटंबना नाही.

मार्गशीर्ष आला. मी पानं गाळली. ती माझी झोपेची वेळ. पण विमलाताईंनी उघड्या फांद्या पाहिल्या आणि कळवळल्या, "अरे देवा, वाळला की रे माझा चाफा! तहानला असेल." झालं. पंचामृताच्या जोडीला तांदळाचं धुवण, डाळीचं पाणी आणि चहाचा चोथा सुरू झाला. झोपलेल्या माणसाच्या तोंडात कुणी आमटी ओतली तर काय होईल? तेच माझं झालं. खालून खोड मऊ पडलं. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखं. एके दिवशी माझी स्वतःची दुर्गंधी मला आली. मित्रांनो, दुसऱ्याची घाण सोसता येते. आपलीच किळस आली की जगावंसं वाटत नाही.

घरातल्या बाकीच्यांना वास येत नव्हता असं नाही. चांगला येत होता. विमलाताईंच्या मुलानं, नितेशनं, मोगऱ्याचा फवारा आणला. आता गटारात मोगरा बुडवल्यासारखा वास येऊ लागला. रुचिरानं खिडकी लावून घेतली. मधुकरराव नाकाला बाम चोपडून पेपर वाचू लागले.

एकदा खिडकीच्या आत कुजबुज ऐकली.

"तू सांग ना आईंना," रुचिरा म्हणत होती.

"मी? तू सांग."

"मी सून आहे रे. उद्या म्हणतील, देवाच्या तीर्थाला नाक मुरडते. तुझी आई आहे."

"अगं, नवस आहे तिचा. मरता मरता वाचलीय. काय सांगू? आई, तुझा प्रसाद सडलाय म्हणून?"

"हळू बोल!"

नितेशनं बापाकडे मोर्चा वळवला. "बाबा, तुम्हीच सांगा ना."

मधुकररावांनी पेपर खाली केला. नाकाचा शेंडा बामानं पांढराफटक. म्हणाले, "माका तर काय वास येणा नाय."

"बाबा!"

"येणा नाय म्हणतंय ना! जा, कामाक जा."

विमलाताईंना वाटायचं, आपलं नाक गेलंय हे कुणाला कळू नये. आणि घराला वाटायचं, त्यांना सगळं कळतंय, पण भक्तीपुढे त्या वासाची पर्वा करत नाहीत. दोन्हीकडे प्रेम होतं. मध्ये मी मरत होतो.

फाल्गुनात नितेशला एक युक्ती सुचली. आई मंदिरात गेलेली पाहून तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. डबा थोडा कलता केला आणि बुडाच्या भोकात तो खुपसला. म्हणाला, "निदान पाणी तरी जाईल." बिचाऱ्यानं चांगल्या मनानंच खुपसला. तुपाचं बूच सुटलं आणि इतक्या महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. काळं, दाट, गुठळ्यागुठळ्यांचं, अळ्यांसकट. ग्रिलमधून सरळ खाली.

आणि खाली, तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलमध्ये, पांढऱ्या धोतरावर माणिकताईंनी गव्हाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या.

गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, चीक काढायचा, शिजवायचा, गरम गरम सोऱ्यात भरून घालायचा. वर्षाची बेगमी असते ती. आधी माणिकताईंना वाटलं, आपलाच चीक आंबला की काय. मग त्यांनी वर पाहिलं.

जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला तेव्हा विमलाताई नुकत्याच मंदिरातून परतल्या होत्या. नितेश स्क्रू-ड्रायव्हर पाठीमागे लपवून उभा. माणिकताईंनी ताट पुढे धरलं.

"विमल, हे काय आहे?"

"अगं बाई! कुरडया ना? काय सांडलं गं त्यावर?"

"ते मी तुला विचारतेय. तुझ्या चाफ्यातून पडलंय."

विमलाताई ओशाळल्या. "मातीचं पाणी असेल गं. धुऊन घे, काही होत नाही."

"धुऊन घे? कुरडया धुऊन घेऊ? वास घे याचा. घे वास!"

आणि ताट त्यांच्या नाकाला टेकवलं. रुचिरानं तोंडावर पदर धरला. मधुकरराव बाम लावूनही मागे सरकले. विमलाताईंनी सवयीनं डोळे मिटले, श्वास घेतला आणि हसून म्हणाल्या, "काही नाही गं. मातीचा वास आहे, छान."

नितेशनं रुचिराकडे पाहिलं, रुचिरानं मधुकररावांकडे.

"छान?" माणिकताई कडाडल्या. "जिन्यात पाय ठेवला की नाकाला पदर लावावा लागतो. गेला महिनाभर मी खिडकी उघडली नाही. देवाच्या नावानं सडवतेस आणि वर छान म्हणतेस? कीर्तनात बसून हेच शिकलीस? थोडी तरी..."

आणि त्या मध्येच थांबल्या. विमलाताईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. ताट खाली ठेवलं. आवाज एकदम उतरला.

"विमल. इकडे बघ. कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"नाक गं. कधीपासून?"

विमलाताईंनी नितेशकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. पदर तोंडाला लावला. "दवाखान्यातून आले तेव्हापासून," त्या म्हणाल्या. "काहीच येत नाही गं. कापूर नाही, तूप नाही, काही नाही. पण माझा नैवेद्य काढून घेऊ नका रे कुणी. तेवढा एक राहू द्या."

रुचिरा पुढे आली. "आई, म्हणजे संकष्टीला सारण करपलं होतं, ते..."

"करपलं होतं?"

"थोडंसं."

"दोन संकष्ट्या," मधुकरराव हळूच म्हणाले.

विमलाताईंचे अश्रू जागच्या जागी सुकले. "म्हणजे देवाला मी करपलेलं दाखवत होते, आणि तुम्ही सगळे गप गिळत होतात?"

"गिळतील नाहीतर काय," माणिकताई म्हणाल्या. "तुझ्या घरात देवापेक्षा तुझा धाक जास्त."

विमलाताई उठल्या आणि तडक माझ्याकडे आल्या. वरचं निर्माल्य त्यांनी हातानं बाजूला सारलं. बोटं मनगटापर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा काळ्या चिखलात बोटांवर अळ्या वळवळत होत्या. नाक नव्हतं, पण डोळे होते. विमलाताईंचं तोंड वाकडं झालं. अंगावर काटा आला. "शी! शी शी शी! हे काय करून ठेवलं मी?" त्यांनी हात झटकला आणि ग्रिलला टेकून ओकारी आवरली.

मित्रांनो, काय सांगू! इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा बरं वाटलं. त्यांना किळस आली! किळस हीसुद्धा देवाचीच देणगी आहे. जिथे हात घालू नये तिथून हात मागे ओढणारी ती आई आहे. ती गेली की माणूस चिखलालाही प्रसाद म्हणू लागतो.

त्याच दुपारी मला डब्यातून उपटलं. मुळं हाताला लागलीच नाहीत, निसटून पडली. मधुकररावांनी करवत आणली. खालून कापलं. आत तपकिरी, भुसभुशीत, घाण. थोडं वर कापलं. तेच. विमलाताई म्हणाल्या, "अहो, गेला का हो?" मधुकररावांनी करवत वर सरकवली. अजून वर, अगदी शेंड्याजवळ, कापलं. आणि तिथे पांढराशुभ्र चीक टपकला. दुधासारखा, पण माझा स्वतःचा.

"आसा रे आसा! जिवंत आसा!" मधुकरराव ओरडले.

माझं खोड, मुळं, डबा, सगळं कचऱ्याच्या गाडीतून गेलं. देवनारच्या कचराडेपोत, म्हणे. मी हातभर उरलो. मला कागदावर, सावलीत, नुसतं आडवं ठेवलं. जखम पूर्ण सुकेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. विमलाताई येता जाता थांबायच्या. हातातला तांब्या माझ्याकडे कलायचा. "उपाशी आहे गं बिचारा," म्हणायच्या. आणि खालच्या मजल्यावरून रोज वर येणाऱ्या माणिकताई त्यांच्या हातातून तांब्या काढून घ्यायच्या. "राहू दे उपाशी. तुझ्या जेवणानं मेला होता तो."

मग मातीची कुंडी आली. लाल माती, भरपूर वाळू, खाली विटांचे तुकडे. किडे दिसले की कडुनिंबाच्या तेलाचा फवारा. पाणी कधी? तर माणिकताईंनी नियमच घालून दिला. आधी मातीत बोट खुपसायचं. बोट कोरडं निघालं तरच. नवस मोडला नाही. पंचामृताचं स्नान रोज होतंच, पण आता पळीभरातच. आणि सगळं घर ते तीर्थ म्हणून घेतं. पंचामृत प्यायचं असतं, पुरायचं नसतं, एवढं साधं होतं ते.

नैवेद्याचं म्हणाल तर तो विमलाताईच करतात. रामनवमीला सुंठवडा करायचा होता. कढईत खोबरं, हातात उलथनं, आणि शेजारी स्टूलवर माणिकताई, नाक कढईवर.

"झालं?"

"थांब. कच्चं आहे."

"आता?"

"जरा दम धर गं बाई. हं... आता आला. उतरव, उतरव, करपवशील!"

मला फूल आलं तेव्हा विमलाताईंनी ते स्वतःच्या नाकाशी नेलं नाही. सरळ माणिकताईंच्या नाकापुढे धरलं. "कसं आहे?" माणिकताईंनी डोळे मिटले. पुन्हा एकदा वास घेतला. मग म्हणाल्या, "खरं सांगू? देवाला देण्यासारखं आहे."

तर असं आहे, मित्रांनो. तुमच्या घरी झाड असेल तर त्याच्यावर माया करा, पण मायेचा ढीग त्याच्या मुळांवर रिचवू नका. थंडीत ते उघडं दिसलं तर त्याला झोपू द्या. उरलंसुरलं त्याच्यात टाकू नका, मग ते देवाचं का असेना. आणि घरात कशाला तरी वास मारू लागला, तर खिडकी लावू नका, फवारा मारू नका, नाकाला बाम लावून बसू नका. ज्याला सांगायचं त्याला सांगा.

माझ्यासाठी ते सांगितलं एका तोंडाळ बाईनं. सोसायटीत अजूनही तिला भांडखोर म्हणतात. तुम्ही घरी जाल, देवापुढे हात जोडाल, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या माणिकताईंची तेवढी आठवण काढा. त्या वर्षी त्यांच्या घरी सणाला पुरण होतं, भजी होती, सगळं होतं. पानात कुरडई मात्र नव्हती.